भावाचा उजवा खांदा

कुठेही जायचं ठरलं की मी आधी योगासनांची दरी, म्हणजे सतरंजी, गुंडाळते आणि मग कपडे भरते. निळ्या पट्ट्यांची जाड सुती दरी आहे, सौंसरच्या बाजारातून घेतलेली, कापून माझ्या उंचीएवढी केलेली. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, त्यामुळे निम्मं आयुष्य बसमध्ये आणि निम्मं दुसऱ्यांच्या घरी जातं. रामाकोन्याला अंगणवाडीच्या मागच्या खोलीत, पोषण आहाराच्या पोत्यांना टेकून मी सर्वांगासन केलं आहे. लोधीखेड्याच्या एका लग्नघरी पहाटे वांगी चिरत बसलेल्या बायकांच्या मधोमध सूर्यनमस्कार घातले आहेत, आणि त्या बायांनी शेवटपर्यंत हसू दाबून धरलं होतं. मोहगावच्या शाळेच्या व्हरांड्यात मी शवासनात पडले असताना एका म्हातारीनं माझ्या नाकापुढे बोटं धरून श्वास चालतो का ते पाहिलं, आणि आहे जिती, असं कुणाला तरी सांगत ती निघून गेली.

लोक विचारतात, बाई, एक दिवस नाही केलं तर काय बिघडतं? मी सांगते, पाठ धरते. पाठ माझी ठणठणीत आहे. एक दिवस नाही केलं तर मला माझ्या हाताची भीती वाटते.

माझ्या नवऱ्याच्या भुवईवर चार टाक्यांची खूण आहे. ती माझी. तो एवढंच म्हणाला होता की तुमच्या पांढुर्ण्याची माणसं अशीच. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा फेकला आणि तो जिथे लागायला हवा होता तिथेच लागला. दवाखान्यात त्यानं मोरीत घसरलो म्हणून सांगितलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या मैदानावरच्या योगवर्गात जाऊन उभी राहिले, ज्याला तोवर मी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत होते. याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी कुणावर काही फेकलं नव्हतं. इच्छा झाली नाही, असं मात्र नाही.

नवरा म्हणाला ते चुकीचं नव्हतं. पांढुर्णा म्हटलं की आमच्या भागात पुढचं काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा म्हणतात. अलीकडच्या काठावर पांढुर्णा, पलीकडच्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या माणसांनी ते झाड तोडून आणायचं आणि सावरगावच्यांनी तोडू द्यायचं नाही, आणि हे सगळं दगडांनी करायचं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दोन्ही काठांवरून दगड चालतात. डोकी फुटतात, हात मोडतात, एखादा जिवानिशी जातो. पोलीस असतात, अँब्युलन्स असतात, नको म्हणणारे असतात आणि छपरांवर पाहणारेही असतात. जखमेवर देवीचा अंगारा लावून माणूस पुन्हा पाण्यात उतरतो. आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं कुणाशी वैर नसतं. ज्यानं दगड मारला तो ज्याला लागला त्याला भेटायला जातो, चहा पितो. दोन्ही काठांच्या सोयरिकी होतात. लहानपणी आम्ही अक्षरं गिरवायच्या आधी दगड पारखायला शिकलो. चपटा नको, मुठीत बसेल असा गोल हवा.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा डावा डोळा गोटमारीत गेला. लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दगड येताना त्याला दिसला होता, पण गाळात पाय रुतल्यामुळे वळता आलं नाही. हे तो कौतुकानं सांगतो. डोळा गेल्यावर पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणून तो उलट जास्तच पुढे जायचा. घरात सगळ्यांना एकच धाक होता, उरलेल्या डोळ्याचा. तो गेला की माणूस आंधळा आणि घर उघड्यावर. माझी भावजय त्या दिवशी चूल पेटवत नसे. उंबऱ्यात बसून राहायची. कुणाला खांद्यावर टाकून आणलं की उठून त्याची पँट बघायची, कारण रक्तानं तोंड ओळखू येत नाही.

मग साखरेच्या बिमारीनं त्याचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सदरा घालायला दोन माणसं लागायची. लागोपाठ दोन वर्षं गोटमारीला भाऊ घरात बसला, ढोल ऐकत, दात खात. आणि त्या दोन्ही वर्षी भावजयीनं त्या दिवशी वडे तळले.

मागच्या चैतात मी कामानिमित्त पांढुर्ण्याला गेले होते आणि माहेरी उतरले. सकाळी दरी पसरली तर हा खाटेवर बसून बघत राहिला. त्यानं बिडीसाठी खिशात हात घातला, तेवढ्यानंही त्याचं तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, दे तो हात इकडे. मला गर्व होता, खोटं कशाला सांगू? रामाकोन्याच्या एका सेविकेची मान मी सरळ केली होती, नवऱ्याच्या आत्याचा गुडघा चालता केला होता. दौऱ्यावर जाईन तिथे बायका मला घेरायच्या. सख्खा भाऊ लुळा हात घेऊन फिरतो, हे माझ्या नावाला शोभत नव्हतं.

भावजयीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, खांदा आखडला हाय तं आखडूच द्या. त्याच्याच भरवशावर मी दोन वर्षं झोपून राहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, नवऱ्याचा हात लुळा ठेवून तुला झोप लागत असेल तर धन्य आहे बाई तुझी. तिनं कणीक पुढे ओढली आणि मळायला लागली.

भावाला मी सरळच विचारलं. तो म्हणाला, गोटमारीचं नावही काढू नको, एक डोळा दिला तेवढं पुरे झालं. त्याला संत्र्याच्या बागेसाठी हात हवा होता. पावसाळ्यात फळ भरायला लागलं की फांद्या मोडायला येतात, त्यांना खालून बांबूचे टेके द्यावे लागतात, आणि बांबू उभा करायला हात डोक्याच्या वर न्यावाच लागतो. दोन वर्षं हे काम गड्यांनी केलं आणि फांद्या मोडून ठेवल्या. मला पटलं. सख्ख्या भावाचं पटायला फार पुरावा लागत नाही.

आखडलेला खांदा सोडवणं हे शांततेचं काम नाही. योग म्हटलं की लोकांना डोळे मिटलेला, मंद हसणारा माणूस दिसतो. त्यांनी आमच्या घरी यायला हवं होतं. मी त्याला पालथं झोपवायची, पाठीवर गुडघा रोवायची आणि तो हात मागून वर उचलायची. आत काहीतरी कटकन वाजायचं. तो ओरडायचा, शिव्या घालायचा, एकदा माझ्या दंडाला चावला. मी सोडत नव्हते. भिंतीवर बोटं चढवत न्यायला लावायची आणि रोज जिथवर पोचला तिथे कोळशानं रेघ मारायची. टॉवेल पाठीमागून दोन्ही हातांत धरून वरचा हात खालच्याला ओढतो, तसलं गोमुखासन करताना त्याच्या एका डोळ्यातून पाणी यायचं आणि मी म्हणायची, अजून एक श्वास. मला ते आवडत होतं, हेही सांगून टाकते. माझ्या हातातलं जे नऊ वर्षं कोंडलेलं होतं, त्याला चांगलं नाव मिळालं होतं.

मी सौंसरला परतले तरी ते थांबलं नाही. सकाळी साडेपाचला फोन लावायचा. मी लोधीखेड्याला कुणाच्या ओसरीवर, तो पांढुर्ण्याच्या घरात, फोन भिंतीला टेकवलेला. मी आकडे म्हणायची, तिकडून त्याचं घोगरं कण्हणं ऐकू यायचं. ज्यांच्या घरी मी मुक्कामाला असायची त्यांना वाटायचं की बाई फोनवर कुणाला तरी छळते. शनिवारी बस पकडून मी पांढुर्ण्याला जायची आणि आठवड्याची रेघ किती वर गेली ते बघायची. आषाढात ती माझ्या डोक्याच्या वर गेली. मी पेढे घेऊन गेले होते. भावजयीनं पेढा हातात घेतला आणि तोंडात न घालता तसाच ताटलीत ठेवला.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. हात वर गेला की पुरे, एवढंच त्याला हवं होतं, तर मग तो हात मागून, कानाजवळून, पुढे गोल फिरवायचा एवढा हट्ट कशासाठी? रोज विचारायचा, ताई, मागून पुढं येताना इथं अडकून राहिलं. मी त्यासाठी वेगळं बसवलं, दोरी छताच्या कडीत अडकवून. बांबू उभा करताना कुणी हात असा फिरवत नाही. संत्र्याच्या गावात जन्म काढलेल्या मला हे कळायला नको होतं का?

आणि वानराची गोष्ट. श्रावणात मी त्याच्या बागेत गेले होते. विहिरीजवळ दगडांचा ढीग होता, वानरं हाकलायला ठेवलाय म्हणाला. वानरं खरोखरच होती, सात-आठ, हिरवी संत्री तोडून एक घास खाऊन फेकत होती. त्यानं दगड उचलला, दोन पावलं धावला आणि फेकला. चार झाडांपलीकडे फांदीवर बसलेल्या एका वानराच्या बरगडीत तो बसला. मार लागलेल्या पोत्यासारखा आवाज आला. ते खाली पडलं, उठलं, पुन्हा पडलं आणि मग एका बाजूनं फरपटत कुंपणाकडे गेलं. बाकीची सगळी आमच्याकडे बघून किंचाळत होती. मी भावाला खूप बोलले. मारुतीचं जनावर, श्रावण महिना, पाप लागेल. पण तोंडानं हे बोलत असताना मनात मी दुसरंच म्हणत होते. हात कुठेच अडकला नव्हता. पूर्ण वर्तुळ फिरला होता. मला वाटलं, हे मी केलं.

पोळ्याच्या दिवशी त्यानं दोन्ही हात वर करून दाराला तोरण बांधलं. शेजारचे बघायला आले. मी दारात उभी राहून काय काय करून घेतलं ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी छतावर दरी पसरली. भाऊही वर आला आणि माझ्याशेजारी पोत्यावर बसला. नदीकडे ढोल सुरू झाले होते. तिकडून ट्रॉलीतून दगड ओतल्याचा आवाज येत होता. घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. त्या दिवशी त्यानं रोजच्या दुप्पट वेळ खांदे फिरवले. आधी सावकाश, मग जोरात, आधी पुढून, मग मागून. अंगाला घाम येईपर्यंत. मी म्हटलं, आज छान लय लागली आहे तुझी. तो हसला. मग दूध आणतो म्हणून खाली गेला.

दूध आलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. भावजयीनं वड्यांसाठी डाळ वाटून ठेवली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, चुलीवरची कढई उतरवली आणि चुलीत पाणी ओतलं. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मी चपला न घालताच धावले.

नदीच्या वाटेवर जखमी परतत होते. एकाचा कान लोंबत होता आणि तो हातानं धरून चालत होता, मोबाइल कानाला लावावा तसा. एका म्हाताऱ्याला चौघांनी उचललं होतं आणि तो मला खाली सोडा म्हणून लाथा झाडत होता. मी बायकांमधून वाट काढत एका घराच्या जिन्यावर चढले. तिथून नदी दिसत होती. पाणी गढूळ होतं आणि त्यात दोन्हीकडून शेकडो माणसं. दगड हवेत इतके होते की ऊन तुटक तुटक दिसत होतं. गुडघ्यावर लागला की माणूस बसायचा, डोक्यावर लागला की आडवा व्हायचा, आणि त्याच्यावरून दुसरा पुढे जायचा. लागल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचत होता. तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा आहे. हाडावर लागलेल्याचा वेगळा, मांसावर लागलेल्याचा वेगळा.

भाऊ मला चेहऱ्यावरून दिसला नाही. हातावरून दिसला. चारशे हातांमध्ये मी तो हात ओळखला, कारण तो मीच बनवला होता. तो कमरेइतक्या पाण्यात, झेंड्याच्या जवळ, सगळ्यांच्या पुढे होता. डोक्याला काही बांधलं नव्हतं. डाव्या बाजूनं दगड येत होते, ते त्याला दिसत नव्हते, आणि त्याच्या कानाजवळून जात होते. मी ओरडत होते, पण त्या गदारोळात माझं मला ऐकू येत नव्हतं. मग त्यानं दगड घेतला. खांदा मागे गेला, कोपर कानाजवळ आलं, हात वर जाऊन पुढे उतरला, जसा मी दोरी लावून शिकवला होता, श्वास सोडत. समोरच्या काठावर हात उगारून उभा असलेला एक दणकट माणूस एका बाजूला कोसळला. त्याचा हात खांद्यापासून उलटा लोंबत होता.

त्या क्षणी मला आनंद झाला. एरवी मी हे कुणाला सांगितलं नसतं, पण सांगायला बसले आहे तर सगळंच सांगते. भीतीच्या आधी, लाजेच्या आधी, पहिल्यांदा आनंद झाला. हात कुठेही न अडकता फिरला, म्हणून. शेजारच्या बाईनं माझा दंड धरला तेव्हा मला कळलं की मी टाळी वाजवली होती.

मग भीती आली. पुढचे तीन तास मी त्या जिन्यावर बसून त्याच्या एका डोळ्याकडे येणारा प्रत्येक दगड मोजल्यासारखा बघत राहिले. श्वास मोजायचा मला आठवलाच नाही.

दिवस मावळताना तो घरी आला. सदऱ्यावर रक्त होतं, पण त्याचं नव्हतं. कपाळावर अंगारा, तोंडभर हसू, डोळा शाबूत. माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हा हात तुयाच हाय. मी तं फक्त वापरून राहिलो."

मी त्याला तिथेच मारलं. आधी थोबाडीत, मग कोपऱ्यातली गुंडाळलेली दरी उचलून पाठीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. नऊ वर्षं मी कुणावर हात उगारला नव्हता, ती सगळी नऊ वर्षं एकदम बाहेर आली. तो डोक्यावर हात घेऊन हसत होता, मग हसायचा थांबला. भावजयीनं मला अडवलं नाही. ती भिंतीला पाठ लावून बघत होती, आणि मी दमून थांबले तेव्हा तिनं मला पाणी दिलं. त्याला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे तो त्या माणसाला भेटायला निघाला. मीही निघाले. का, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. कदाचित मला बघायचं होतं. पूल ओलांडून सावरगावात गेलो. तो माणूस शिंपी होता. पुढच्या खोलीत शिलाईयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा युनिफॉर्म, आणि तो खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होता. भावाला बघताच त्याचा चेहरा फुलला. ये बे, असं म्हणून त्यानं चांगल्या हातानं भावाला शेजारी बसवलं आणि त्या दगडाची तारीफ सुरू केली. असा हात आपण पाच-सहा वर्षांत पाहिला नाही म्हणाला. दोघं सोयऱ्यांसारखे बोलत बसले, कोण कुठे उभा होता, कुणाचा नेम कसा हुकला.

भावानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हा हात माझ्या ताईनं बसवला, दोन वर्षं लुळा होता. शिंपी माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत एकदम शाळेतल्या पोरासारखी आशा दिसली.

"ताई, मग मलेही शिकवा," तो म्हणाला. "हड्डी जुडली का लगेच सुरू करतो. पुढच्या पोयाले हात वर गेला पाहिजे. याच्या उधारीत राहणं बरोबर नाही."

त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडावर धरला नव्हता, हात जोडले नव्हते, डोळ्यांत पाणीही नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघत होती, जशी माझी भावजय चैतात स्वयंपाकघरात बघत होती. नवऱ्याचा हात पुन्हा दगडापर्यंत जाणार की नाही, हे आता माझ्या जिभेवर होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. मला भावजयीला तेव्हा काय म्हटलं ते आठवलं आणि कान तापले.

मी उठून त्याचा खांदा चाचपला. दाबला नाही, नुसता हात फिरवला. मानेपासून कोपरापर्यंत, मग बोटं हलवायला लावली. इतकी वर्षं लोकांची अंगं हाताळून मला एवढं कळतं. माणूस पन्नाशीच्या आतला, अंगानं घट्ट, साखर नाही. हाड बसल्यावर चार-पाच महिने नेमानं केलं असतं तर तो हात पहिल्यासारखा झाला असता. भावाच्या हातापेक्षा चांगला.

मी म्हटलं, नाही होणार. तो म्हणाला, म्हणजे? मी त्याला शांतपणे, बैठकीत सांगते त्या आवाजात सांगितलं की हा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येईल. यंत्र चालेल, कात्री चालेल, घास चालेल. त्याच्या वर जाणार नाही. जबरदस्तीनं नेला तर हाड पुन्हा सरकेल आणि मग यंत्रही बंद. मी अंगावर हात ठेवून आजवर कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते. माझा स्वतःचाच आवाज मला इतका खरा वाटला की क्षणभर मीच घाबरले.

शिंपी खिडकीतून नदीकडे बघत बसला. मग म्हणाला, देवीची मर्जी. त्याच्या बायकोनं ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यात आधी माझ्या हातात कप दिला. कप देताना तिची बोटं माझ्या बोटांवर जरा थांबली. चहात साखर फार होती. मी सगळा प्यायले.

परत येताना पुलावर आम्ही दोघंच होतो. खाली नदीत दगडांचा खच पडला होता, पाणी त्यांच्यामधून वाट काढत होतं आणि दोन माणसं गाळात कुणाची तरी चप्पल शोधत होती. माझ्या कालच्या माराचे वळ त्याच्या मानेवर होते.

"त्याचा हात उठते, ताई," तो म्हणाला. "मले माहीत हाय. मी स्वतःच्या अंगावर शिकलो नं ते. तू खोटं बोलली."

मी हो म्हटलं.

तो कठड्याशी थांबला, उजवा हात वर उचलला, बोटं पसरून पाहिली आणि खाली सोडला.

"चैतात मलेही असंच खोटं बोलली असती," तो म्हणाला, "तं मीही मानलो असतो."

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही. मग चालायला लागला. मी त्याच्या डाव्या बाजूनं चालले, जिकडचं त्याला दिसत नाही, आणि घर येईपर्यंत त्याच बाजूला राहिले.